नाताळचा निवडुंग आणि लांबलेली रात्र

निवडुंग म्हटला की डोळ्यांसमोर वाळवंट उभे राहते. कडक ऊन, वाळू, काटे आणि महिनोन्‌महिने पाण्याचा थेंब नाही. आमच्याही डोळ्यांसमोर तेच चित्र होते. म्हणून काही वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून आणलेले 'ख्रिसमस कॅक्टस'चे पहिले रोप आम्ही वाळूमिश्रित मातीत लावले, गच्चीवर भर उन्हात ठेवले आणि आठवड्यातून एकदा चूळभर पाणी घालू लागलो. एप्रिल संपायच्या आत रोप लालसर पडले, सुरकुतले आणि मेले. दुसरे रोप आम्ही घराच्या ओसरीत, सावलीत ठेवले. ते छान वाढले, पण दोन हिवाळे गेले तरी त्याला एकही कळी आली नाही. मग शेजारच्या काकूंनी सहज विचारले, "तुमच्या ओसरीतला दिवा रात्रभर चालूच असतो ना?"

दिव्याचा आणि फुलाचा काय संबंध? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही ब्राझीलच्या डोंगरांत, इंग्लंडमधील काचघरांत, अमेरिकेतील तंबाखूच्या शेतात आणि मद्रास इलाख्यात जाऊन पोचलो. या लेखात तीच वाट पुन्हा एकदा चालायची आहे. कुंडीतल्या एका लहानशा रोपाची निगा कशी राखावी, हे त्याच्या इतिहासातून किती नेमके कळते, ते वाटेत दिसेलच.

निवडुंग कोणाला म्हणावे?

आधी नावाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे कुंपणाला लावलेल्या, तोडल्यावर पांढरा चीक येणाऱ्या थोरालाही निवडुंग म्हणतात. पण तो एरंडाच्या कुलातला. खरे निवडुंग, म्हणजे कॅक्टेसी कुलातील वनस्पती, मूळच्या अमेरिका खंडातल्या. त्याला अपवाद एकच. रिप्सॅलिस नावाचा झाडावर लोंबणारा एक निवडुंग आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि आपल्या शेजारी श्रीलंकेतही रानात आढळतो. आपला फड्या निवडुंग खरा निवडुंग आहे, पण तोही अमेरिकेतून आलेला पाहुणाच.

खऱ्या निवडुंगाची खूण म्हणजे खोडावरची छोटीशी लवदार गादी. काटे, फुले आणि नव्या फांद्या या गादीतूनच येतात. ख्रिसमस कॅक्टसची 'पाने' ही मुळात पाने नाहीतच. ती चपटी झालेल्या खोडाची एकाला एक जोडलेली पेरे आहेत. पेराच्या टोकाशी भिंगातून पाहिले, तर ती गादी आणि तिच्यातले दोन-चार बारीक केस दिसतात. फूल येते ते तिथूनच. वर्गात दाखवायला हे सोपे आहे. थोराचा तुकडा आणि या रोपाचे एक पेर शेजारी शेजारी ठेवावे आणि फरक मुलांनाच शोधू द्यावा. थोराचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नये.

ऑर्गनच्या डोंगरातले घर

ब्राझीलमध्ये रिओ दि जानिरो शहराच्या उत्तरेला एक डोंगररांग आहे. तिचे सुळके चर्चमधल्या ऑर्गनच्या उभ्या नळ्यांसारखे दिसतात, म्हणून पोर्तुगीजांनी तिला 'सेरा दॉस ऑर्गाँस' म्हणजे ऑर्गनचे डोंगर असे नाव दिले. समुद्रावरून येणारे ढग या डोंगरांना अडतात. त्यामुळे येथील जंगल दमट असते आणि बऱ्याचदा धुक्याने वेढलेले असते. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वर किंवा आंबोली येथे पावसाळ्यात झाडांच्या फांद्यांवर शेवाळ आणि आमरी वाढलेली दिसते, तसेच काहीसे चित्र.

ज्या प्रजातीला आज श्लुंबर्गेरा म्हणतात, तिच्या सगळ्या रानटी जाती आग्नेय ब्राझीलच्या अशा किनारी डोंगरांतच आढळतात. त्यांची संख्या सहा-सात इतकीच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरपासून पार २,७०० मीटरच्या वरपर्यंत त्या वाढतात. त्या जमिनीत क्वचितच रुजतात. झाडाच्या बेचक्यात किंवा खडकाच्या कपारीत साठलेल्या पालापाचोळ्यात त्यांची मुळे असतात. म्हणजे या अपिवनस्पती आहेत. त्या आधार देणाऱ्या झाडाचा रस शोषत नाहीत, नुसता आसरा घेतात. त्यांची गडद गुलाबी, लाल, नळीसारखी फुले गुंजन पक्ष्यांना बोलावतात. मध प्यायला आलेल्या पक्ष्याकडून परागण होते.

आमचे पहिले रोप का मेले, याचे उत्तर इथेच मिळाले. आम्ही नाव वाचले, घर पाहिले नाही.

मग असा प्रश्न पडतो की, दमट जंगलातल्या वनस्पतीला निवडुंगाचे जाड खोड हवेच कशाला? याचे कारण असे की, फांदीच्या बेचक्यात मूठभरच माती असते. पाऊस थांबला की ती काही तासांत सुकते. म्हणजे जंगल ओले असले तरी फांदीवर छोटासा दुष्काळ वरचेवर पडतो. त्यासाठी पाण्याचा साठा हवा आणि काटकसरही हवी.

मद्रासहून गेलेले पत्र

ही काटकसर कशी चालते, याचा एक महत्त्वाचा धागा भारतात सापडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बेंजामिन हेन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करीत होते. पानफुटीचे पान सकाळी चघळले तर आंबट लागते, दुपारपर्यंत बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी हे निरीक्षण पत्राने इंग्लंडला कळविले आणि १८१५ साली ते लंडनच्या लिनियन सोसायटीने प्रसिद्ध केले. त्याआधी, १८०४ साली, स्वित्झर्लंडच्या द सोस्यूर यांनी निवडुंग रात्री वायूंची देवघेव काही वेगळ्याच पद्धतीने करतात, असे नोंदवले होते.

या दोन निरीक्षणांचा मेळ पुरता बसायला विसावे शतक उजाडावे लागले. बहुतेक वनस्पती दिवसा रंध्रे उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याच वेळी भरपूर पाणी गमावतात. निवडुंग आणि पानफुटी रंध्रे उघडतात ती रात्री. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा रंध्रे मिटून, उन्हाच्या मदतीने त्याचे अन्न बनवतात. म्हणून सकाळी आम्ल जास्त आणि दुपारी कमी. ख्रिसमस कॅक्टसही याच पद्धतीने जगतो. वर्गात हे करून पाहता येते. पानफुटीचे एक पान सकाळी शाळा भरताना आणि दुसरे दुपारी उशिरा ठेचावे व दोन्हींच्या रसाचा सामू दर्शक कागदाने मोजावा. हेनसाहेबांप्रमाणे चव मात्र घेऊ नये, कारण पानफुटीत विषारी द्रव्येही असतात.

काचघरातला प्रवास

१८१८ च्या सुमारास ऑर्गनच्या डोंगरांतली एक जात युरोपात लागवडीत होती. १८१९ साली एड्रियन हॅवर्थ यांनी तिचे वर्णन केले आणि तिच्या नावात 'ट्रंकाटम' हा शब्द घातला. त्याचा अर्थ टोक छाटलेले. तिची पेरे कात्रीने कापल्यासारखी संपतात आणि कडेला टोकदार दाते असतात. १८३७ साली जॉर्ज गार्डनर या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याच डोंगरांत दुसरी जात मिळाली. आपले आश्रयदाते बेडफर्डचे ड्यूक जॉन रसेल यांच्यावरून त्यांनी तिला 'रसेलियाना' हे नाव दिले. गार्डनर पुढे श्रीलंकेतील पेराडेनिया येथील वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले आणि १८४९ साली श्रीलंकेतच वारले.

नावे अशी देणगीदारांची आणि संग्राहकांची राहिली. १८५८ साली फ्रान्सच्या लमेअर यांनी या प्रजातीला फ्रेडरिक श्लुंबर्गर या निवडुंग-संग्राहकाचे नाव दिले. पण डोंगरातल्या वाटा दाखवणाऱ्या, सामान वाहणाऱ्या, झाडावर चढून रोप काढणाऱ्या माणसांची नावे वनस्पतीच्या नावात कुठेच नाहीत. तो काळ ब्राझीलमधील गुलामगिरीचा होता. ती कायद्याने संपली १८८८ साली. मुलांना वनस्पतींची शास्त्रीय नावे शिकवताना या गाळलेल्या नावांचीही आठवण करून द्यावी, असे आम्हांला वाटते.

इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली रद्द झाला, काच स्वस्त झाली आणि काचघरे वाढली. ऊब दिलेल्या अशा काचघरांत बकली नावाच्या बागकामतज्ज्ञाने वरील दोन जातींचा संकर केला. या संकराची पहिली नोंद १८५२ सालची. त्याला आज 'बकलियाय' म्हणतात. जुन्या घरांतून आजीकडून नातीकडे जाणारा खरा ख्रिसमस कॅक्टस तो हाच. त्याच्या पेरांच्या कडा गोलसर असतात. आपल्या रोपवाटिकांत आज मिळतात ती रोपे बहुधा टोकदार दात्यांची, म्हणजे ट्रंकाटा गटातली असतात. अमेरिकेत त्यांना थँक्सगिव्हिंग कॅक्टस म्हणतात, कारण ती नोव्हेंबरातच फुलतात. १८६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत याच्या कितीतरी बागायती जाती निघाल्या होत्या. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची हौस ओसरली आणि शतकाच्या मध्यानंतर ती पुन्हा वाढली. पिवळ्या फुलांची जात मात्र १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली.

या सगळ्या काळात माळ्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. हे रोप नाताळच्या सुमारास फुलते. का फुलते, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. आणि ब्राझीलमधले लोक त्याच फुलाला 'फ्लोर दि मायो', म्हणजे मे महिन्याचे फूल, म्हणत होते!

तंबाखूने दिलेले उत्तर

उत्तर आले ते तंबाखूच्या शेतातून. १९०६ साली अमेरिकेतील मेरिलँड राज्यात तंबाखूचा एक अजब वाण आढळला. त्याला 'मेरिलँड मॅमथ' म्हणत. तो उंचच उंच वाढत राही, पण शेतात त्याला फुले येत नसत. तोच हिवाळ्यात काचघरात ठेवला तर फुले. बी धरायचे तर फूल हवेच, म्हणून शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा पोटापाण्याचा प्रश्न होता. अमेरिकेच्या शेती खात्यातील वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलर्ड यांनी तो हाती घेतला. त्यांना सोयाबीनचेही एक कोडे पडले होते. सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरले, तरी सगळ्याला फुले येत ती जवळपास एकाच वेळी.

त्यांनी एकेक कारण तपासले. तापमान, माती, खत, उजेडाची तीव्रता अशा कशानेच खुलासा होईना. उरली दिवसाची लांबी. ही कल्पना त्या काळी विचित्रच वाटणारी होती. १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी काही कुंड्या रोज दुपारी चार वाजता एका अंधाऱ्या खोपीत नेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाहेर काढल्या. भर उन्हाळ्यात त्या झाडांसाठी हिवाळ्याचा छोटा दिवस तयार झाला. मॅमथ फुलला! बाहेर ठेवलेली त्याची भावंडे नुसती वाढतच राहिली. १९२० साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. दिवस-रात्रीच्या लांबीला वनस्पती जो प्रतिसाद देतात, त्याला आज आपण दीप्तिकालिता म्हणतो.

फ्रान्समध्ये ज्युलियन तुर्न्वा यांनी यापूर्वीच, १९१२ च्या सुमारास, हॉप आणि भांग यांच्यावर असे प्रयोग सुरू केले होते. पण पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, ते मारले गेले आणि काम अर्धेच राहिले. विज्ञानाच्या इतिहासात प्रयोगशाळेबाहेरच्या गोष्टी अशा निर्णायक ठरतात.

पुढचा टप्पा १९३८ सालचा. हॅम्नर आणि बॉनर यांनी शंकेश्वराच्या तणावर प्रयोग करून दाखवले की, झाड मोजते ते दिवसाला नव्हे तर सलग अंधाराला. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ प्रकाश पाडला की फुले येत नाहीत. दिवसात थोडा वेळ अंधार केला तर मात्र काही बिघडत नाही. १९५० च्या दशकात बेल्ट्‌सव्हिल येथील संशोधकांनी हा प्रकाश ओळखणारे द्रव्य शोधले. त्याचे नाव फायटोक्रोम. लाल प्रकाशाने ते एका रूपात जाते आणि अतिलाल प्रकाशाने परत पहिल्या रूपात येते. फुलण्याचा 'निरोप' पानांकडून कोंबाकडे जातो, अशी कल्पना रशियातील चैलाख्यान यांनी १९३७ च्या सुमारास मांडली होती. तो निरोप म्हणजे एक प्रथिन आहे, हे २००७ साली स्पष्ट झाले.

आमच्या ओसरीतल्या दिव्याने काय केले असेल, ते आता कळते. ख्रिसमस कॅक्टस हा शेवंतीसारखाच अल्पदिनी, खरे म्हणजे दीर्घरात्री, वनस्पती आहे. त्याची लांब रात्र आम्ही रोज तोडत होतो.

मे आणि डिसेंबर यांचा हिशेब

आता नावाचे कोडे सोडवू. हे गणित फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. ऑर्गनचे डोंगर दक्षिण अक्षांश २२ अंशांच्या आसपास आहेत. तिथे २१ मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान होते आणि त्यानंतर रात्री वाढत जातात. एप्रिलमध्ये कळ्या धरतात आणि मे महिन्यात फुले येतात. उत्तर गोलार्धात हीच स्थिती २३ सप्टेंबरनंतर येते. ऑक्टोबरात कळ्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरात फुले. मधले अंतर बरोबर सहा महिन्यांचे. म्हणजे रोप ख्रिसमस ओळखत नाही आणि मे महिनाही ओळखत नाही. ते फक्त रात्र ओळखते.

आणखी एक गंमत आहे. नागपूर उत्तर अक्षांश २१ अंशांवर आहे, म्हणजे या रोपाच्या माहेराचे जणू आरशातले प्रतिबिंब. दोन्हीकडे सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांहून थोडा कमी. लंडनला मात्र मोठा दिवस साडेसोळा तासांचा, तर लहान आठ तासांच्याही आत. दिवस-रात्रीच्या बाबतीत महाराष्ट्र या रोपाला लंडनपेक्षा जवळचा आहे. अडचण आहे ती उष्णतेची. माहेरी डोंगरावरच्या रात्री थंड असतात. रात्री फार उबदार राहिल्या तर अंधार पुरेसा असूनही कळ्या कमी धरतात. उलट रात्री चांगल्याच गार असतील, तर दिवसाच्या लांबीची अट सैल होते. म्हणून नाशिक, पुणे, पाचगणी येथे हे रोप सहज फुलते, तर किनारपट्टीवर त्याची जरा मनधरणी करावी लागते.

इतिहासातून निगा

एवढा इतिहास हाताशी असला की, निगेचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात.

झाडाच्या बेचक्यातले घर आठवा, म्हणजे माती कशी हवी ते कळेल. कुजलेला पालापाचोळा, नारळाचा भुसा आणि विटांचे बारीक तुकडे यांचे भुसभुशीत मिश्रण घ्यावे. कुंडी लहान असावी आणि तिच्या तळाला भोक हवेच. वरची माती सुकली की पाणी द्यावे, पण बशीत पाणी साठू देऊ नये. जंगलातला गाळीव उजेड आठवा. सकाळचे कोवळे ऊन चालेल, दुपारचे नाही. एप्रिल-मेमध्ये दाट सावली द्यावी आणि आसपास ओलावा ठेवावा. पावसाळ्यात संततधारेखाली ठेवू नये, मुळे कुजतात.

सप्टेंबरपासून खत थांबवावे. मग सुमारे सहा आठवडे रोज तेरा-चौदा तास सलग अंधार मिळेल, अशी जागा पाहावी. कळ्या दिसू लागल्या की कुंडी उगीच हलवू नये. जागा, उष्णता किंवा पाणी एकदम बदलले तर कळ्या गळतात. फुले संपल्यावर महिनाभर पाणी कमी करावे. नवे रोप करायचे असेल तर दोन-तीन पेरांचा तुकडा हलकेच पिरगळून काढावा, एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावा आणि मग लावावा.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

दुसऱ्या रोपाची कुंडी आम्ही पुढच्या ऑक्टोबरात मागच्या अंधाऱ्या गॅलरीत हलवली आणि डिसेंबरात तिला अकरा फुले आली. काकूंचे म्हणणे खरे ठरले असे आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो. पण हा पुरावा झाला का? गॅलरी ओसरीपेक्षा गारही होती. रोप एका वर्षाने मोठेही झाले होते. म्हणजे तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी जे टाळले, तेच आम्ही केले होते.

म्हणून सुचवावेसे वाटते की, हा प्रयोग शाळांनी नीट करावा. एकाच झाडाचे तुकडे लावून नऊ सारख्या कुंड्या तयार कराव्यात, म्हणजे आनुवंशिकतेचा फरक राहत नाही. रोपे वर्ष-दोन वर्षांची झाल्यावर १ ऑक्टोबरपासून त्यांचे तीन गट करावेत. पहिला गट नैसर्गिक रात्रीत ठेवावा. दुसऱ्यावर संध्याकाळी पाच ते सकाळी आठ पुठ्ठ्याचे खोके उपडे घालावे. तिसऱ्या गटाजवळ रात्रभर मंद दिवा ठेवावा. दिवा ऊब न देणारा, एलईडीचा असावा. तिन्ही गटांना पाणी, माती आणि जागा सारखी असावी. रोज किमान तापमान नोंदवावे आणि पहिली कळी कोणत्या दिवशी दिसली ते लिहावे. सुट्टीच्या दिवशी खोके कोण घालणार, हा या प्रयोगातला सर्वांत अवघड भाग. पण पाळ्या लावल्या तर तोही सुटतो. आणि अपेक्षेप्रमाणे काही घडले नाही, तर तीही नोंद तितकीच मोलाची.

कुंडीबाहेरचा प्रश्न

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडची रोपे तुकड्यांपासून वाढवलेली असतात, त्यामुळे ती विकत घेतल्याने जंगलाचे नुकसान होत नाही. पण ज्या किनारी जंगलातून ती आली, त्याचा मोठा भाग ऊस, कॉफी, गुरचराई आणि शहरे यांनी गिळला आहे. ऑर्गनच्या डोंगरांत १९३९ साली राष्ट्रीय उद्यान झाले, हा थोडा दिलासा. २०१५ साली निवडुंगांच्या १,४७८ जातींचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांपैकी ३१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. शेती, चोरटी तोड आणि व्यापार ही त्याची कारणे. जवळजवळ सर्व निवडुंगांचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७५ पासून नियमांखाली आला आहे, तरीही ही स्थिती आहे.

जगभर लाखो खिडक्यांत फुलणारे हे रोप संख्येने विपुल आहे, पण ते थोड्याशा मूळ रोपांची संतती आहे. रानातल्या जातींमधली विविधता, परागण करणारे पक्षी, फांदीच्या बेचक्यातली ती मूठभर माती, यांपैकी काहीच कुंडीत येत नाही. ते गेले, तर कुंडीतून परत मिळवता येणार नाही.

यंदा ऑक्टोबरात एखादे रोप शाळेत आणावे. आधी त्याचे घर नकाशावर दाखवावे. मग संध्याकाळी जाताना व्हरांड्यातला दिवा आठवणीने बंद करावा.